आवाज टोचून राहिला

नागपुरात महाल भागातला वाडा सोडून काका मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले, त्याला तीनेक महिने झाले असतील. रात्री साडेनऊला त्यांचा फोन. "अरे, आवाज टोचून राहिला. तबल्याचा 'ना' वाजला का कानात टाचणी गेल्यासारखं होते. अर्धा तास ऐकलं का डोकं उठते. तू येऊन पाह्य एकदा."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मित्र. वय ६८, गाणं ऐकायचा नाद चाळीस वर्षांचा. मला फोन करण्याआधी त्यांचे इलाज सुरू झालेलेच होते. आधी अ‍ॅम्प्लिफायर म्हातारा झाला असं ठरलं आणि नवा आला. मग फाइली वाजवणारा डबा बदलला. मग एका दुकानदाराच्या सांगण्यावरून बागेला पाणी द्यायच्या पाइपाएवढी जाड स्पीकर केबल आली. टोचणं जसंच्या तसं. मी हसलो नाही, कारण तसलीच एक केबल माझ्याही माळ्यावर पडलेली आहे.

"स्पीकर कोणते?"

"तेच. वाड्यातलेच."

"वाड्यात टोचत होते?"

"नाही नं! वीस वर्षं लोण्यासारखे वाजले."

"मग बदललं काय?"

फोनवर जरा शांतता. "घर," काका म्हणाले, आणि लगेच, "पण घर काय वाजते का?"

वाजतं. रविवारी गेलो तेव्हा दारातच चपला काढता काढता मी एक टाळी वाजवली. टाळी संपली आणि मागे 'ट्रिंऽऽ' असा एक धातूसारखा आवाज रेंगाळला, जणू कुणी स्टीलच्या ताटलीला नख लावलं. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींत आवाज टोलवला जातो तेव्हा असं होतं. भिंतींत अंतर १२ फूट, जाऊन-येऊन २४; ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, म्हणजे एका फेरीला जवळपास सेकंदाचा पन्नासावा भाग. कानाला या फेऱ्या सुट्या मोजता येत नाहीत, त्यांची मिळून एक झणझण ऐकू येते. ही झणझण तुमच्या प्रत्येक गाण्याच्या प्रत्येक ठोक्याला चिकटते.

वाड्यातली बैठक मला आठवत होती. मातीच्या जाड भिंती, वर सागवानी पाटण आणि त्यावर कवेलू, खाली सतरंजी, तीन बाजूंनी गाद्या-तक्के, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, खुंट्यांवर लटकलेले सदरे आणि कोट. नव्या हॉलमध्ये दोन बाय चारच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं छत, बाल्कनीकडे पूर्ण भिंतभर काचेचं सरकतं दार, रेक्झिनचा सोफा, समोर काचेचा टीपॉय, आणि टीव्हीच्या मागे सनमायक्याची भिंत. काकूंनी हौसेनं लावलेलं सगळं, आणि दिसायला खरंच सुंदर. फक्त आवाजाला बसायला कुठे जागा नाही.

सोफ्यावर बसून आपण स्पीकर ऐकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण दोन गोष्टी ऐकतो. एक म्हणजे स्पीकरमधून सरळ कानावर आलेला आवाज. दुसरी म्हणजे तोच आवाज जमिनीवर, छतावर, काचेवर, भिंतींवर आपटून थोडा थोडा उशिरा आलेला. साध्या घरगुती खोलीत हा दुसरा हिस्सा पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. वाड्यात हा परतणारा आवाज गादीत, सतरंजीत, सदऱ्यांत जिरत होता, आणि जिरताना जास्त करून वरचे, तीक्ष्ण सूर, म्हणजे ट्रेबल, जिरत होते. फ्लॅटमध्ये ते जिरायला काहीच नाही. स्पीकर तेवढाच ट्रेबल देतोय, खोली मात्र तो खर्च न करता परत परत हातात ठेवतेय.

आता हे टोचणं कानाला नेमकं का लागतं? कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, एका बाजूनं बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात घुमते, तशी ही नळीही घुमते, आणि तिचा सूर ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे त्या पट्ट्यातला आवाज आपला कान स्वतःच वाढवून घेतो. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसांना वेगवेगळे सूर ऐकवून कोणता किती मोठा वाटतो याचे आलेख काढले. त्यांतही कान सगळ्यात हळवा दिसतो तो ३ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. तान्ह्या बाळाचं रडणं, पाटीवर घासलेली पेन्सिल, प्रेशर कुकरची शिट्टी, यांचा बराचसा जीव याच भागात किंवा जवळपास असतो. निसर्गानं ती घंटा मुद्दाम संवेदनशील ठेवली असावी. खोलीनं याच पट्ट्यात दोन-तीन डेसिबल वाढवले तरी डोकं उठतं.

काका मधेच म्हणाले, "पण मले तर आता बारा हजारच्या वर ऐकूच येत नाही, डॉक्टरनं सांगितलं. मग ट्रेबल मले काऊन टोचते?" प्रश्न एकदम बरोबर. टोचणारा ट्रेबल बहुतेक वेळा बारा-पंधरा हजारांवरचा नसतोच. त्या उंचीवर गाण्यात फारसं काही नसतं, असते ती थोडी हवा आणि झांजेची शेवटची चमक. टोचतं ते खाली, दोन ते आठ हजारांत, आणि तिथलं काकांना अजून ऐकू येतं. उलट वयाबरोबर कानाची एक खोड वाढते. हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढला की एकदम मोठा वाटायला लागतो. घरातली म्हातारी माणसं आधी "मोठ्यानं बोल" आणि लगेच "ओरडतोस कशाला" म्हणतात, त्यात खोटेपणा नसतो.

'कर्कश' हा एकच शब्द आपण तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांना वापरतो आणि म्हणून औषध चुकतं. मराठी माणसाला यासाठी एक फुकटची चाचणी मिळालेली आहे, ती म्हणजे आपली अक्षरं. मराठी बातम्या लावा, बाईचा स्वच्छ आवाज असेल तर उत्तम, आणि 'स' आणि 'श' कडे वेगवेगळं लक्ष द्या. 'श' ची सळसळ खालच्या बाजूला असते, साधारण अडीच ते चार हजारांत. 'स' ची वर, पाच-सहा हजारांपासून पुढे. तसंच आपल्या दोन 'च' चं. 'चहा' मधला टाळूचा च खाली, 'चमचा' मधला दातांचा च वर. बातम्या देणारी 'शेतकरी', 'शहर' म्हणताना खरखरीत, नाकात बोलल्यासारखी आणि अंगावर आल्यासारखी वाटत असेल तर दुखणं तीन हजारांजवळ आहे. 'सरकार', 'सोमवारी' म्हणताना सापाच्या फुत्कारासारखी रेघ ओढली जात असेल तर ते सहा-आठ हजारांत आहे. काकांकडे दोन्ही होतं, पण 'श' चं जास्त.

तिसरं दुखणं अगदी वेगळं. हळू आवाजात सगळं गोड, आणि व्हॉल्यूम एका मर्यादेपलीकडे गेला की एकाएकी खरखर. हे ट्रेबल जास्त असणं नव्हे, हे अ‍ॅम्प्लिफायरचं हाफणं. त्याच्याकडे जितकं व्होल्टेज आहे त्याहून जास्त मागितलं की तो लहरीचं डोकं सपाट कापतो, आणि त्या कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात. लहान अ‍ॅम्प्लिफायरनं ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधले वरचे सूर वाजवणारे छोटे भाग, जळतात ते बरेचदा यामुळे.

चौथं मला सगळ्यात गमतीचं वाटतं, कारण तिथे ट्रेबलचा काही दोषच नसतो. बेस, म्हणजे खालचे सूर, कमी असतो. रस्सा पाणीदार झाला की तीच तर्री जास्त जाळते, तसं. घर बदलताना वायरी काढून पुन्हा जोडल्या आणि एका स्पीकरला लाल-काळी उलटी लागली, तर एका स्पीकरचा हलणारा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. खालचे सूर एकमेकांना खातात आणि उरतो तो पातळ, टोकदार आवाज. घर बदलल्यावर सगळ्यात आधी हे तपासायचं. काकांचं जोडलेलं बरोबर होतं. पण लहान स्पीकर स्टँडवर भिंतीपासून चार फूट पुढे होते, कारण कुणीतरी सांगितलं होतं की स्पीकर भिंतीला लावू नयेत. लांब लहरीचे खालचे सूर डब्याला वळसा घालून मागेही जातात. मागे जवळ भिंत असली तर तिचा त्यांना आधार मिळतो. आम्ही स्पीकर दीड फुटावर आणले, तेवढ्यानं तबल्याच्या डग्ग्याला जरा पोट आलं.

पण मुख्य इलाज खोलीचा. तो समजायला १८९५ सालातली एक गोष्ट सांगतो. हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि त्यात बोललेला शब्द पाचेक सेकंद घुमत राहायचा. पुढचं वाक्य मागच्या वाक्याच्या अंगावर. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते दुरुस्त करायला सांगितलं. त्यानं शेजारच्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मांडायच्या, ऑर्गनच्या पाइपचा सूर वाजवून बंद करायचा आणि तो विझायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असं चालवलं. अंगातल्या कपड्यांनीही आकडा बदलतो हे त्याच्या ध्यानात आलं. या गाद्यांच्या वाहतुकीतून जे सूत्र निघालं ते आजही सगळं जग वापरतं. खोलीचं घनफळ घ्या, त्याला ०.०४९ नं गुणा, आणि खोलीतल्या 'शोषणाऱ्या' क्षेत्रफळानं भागा. मापं फुटांत, उत्तर सेकंदांत.

काकांचा हॉल १२ बाय १५, उंची १० फूट. घनफळ १८०० घनफूट, गुणिले ०.०४९, म्हणजे ८८. आता शोषण. भिंती, छत आणि जमीन मिळून ९०० चौरस फूट. टाइल, काच, प्लास्टर हे वरच्या सुरांचा जेमतेम २ टक्के हिस्सा गिळतात, म्हणजे १८. सोफा, माणसं, दाराच्या फटी, इतर सामान यांचे ढोबळ ७० धरले. झाले ८८. भागाकार बरोबर १ सेकंद. गाणं ऐकायच्या घरगुती खोलीत हा आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा थोडा खाली हवा. म्हणजे शोषण दुप्पट करायचं. काचेच्या दारावर १२ बाय ८ चा जाड, भरपूर चुण्यांचा पडदा घातला तर ९६ चौरस फुटांचे ७० टक्के, म्हणजे ६७. सहा बाय नऊचा जाड गालिचा, निम्मा धरला तर २७. एकूण ९४ ची भर, आणि खोली अर्ध्या सेकंदावर. नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या किमतीत गांधीबागेच्या कापडबाजारातून असे किती पडदे शिवून झाले असते याचा हिशेब काकांनी मला करू दिला नाही.

काकूंना मात्र पडद्यांवर खर्च करायच्या आधी पुरावा हवा होता, आणि त्यांचं बरोबर होतं. म्हणून दिवाणाखालून वाड्यातली जुनी कापसाची गादी काढली. चार इंच जाड, विदर्भाचा कापूस, पिंजाऱ्यानं बसून भरलेली. मी आरसा घेऊन भिंतीला टेकवत सरकत गेलो आणि काकांना सोफ्यावर बसून सांगायला लावलं की आरशात स्पीकर कधी दिसतो. जिथे स्पीकर दिसतो, तिथूनच आवाज भिंतीला आपटून त्यांच्या कानावर येतो. त्या जागी गादी उभी केली, दुसऱ्या बाजूला दुसरी. आणि काचेच्या टीपॉयवर सतरंजी दुमडून टाकली.

टीपॉय हा लपलेला गुन्हेगार आहे. स्पीकरपासून कानापर्यंत सरळ ९ फूट, काचेवर आपटून १० फूट. तो एक फूट जास्तीचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यापेक्षा किंचित कमी उशिरा येतो आणि मूळ आवाजात मिसळून काही सुरांना खोडतो, काहींना वाढवतो. गाणाऱ्याचा गळा डब्यात बोलल्यासारखा, कडक होतो तो यानं.

मग तीच बंदिश पुन्हा लावली. काका डोळे मिटून बसले. तानपुरा सुरू झाला तेव्हाच त्यांनी एक बोट वर केलं. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या त्या झणझणाटात, वरच्या सुरांचं मोहोळच असतं, खोली वाईट असली तर त्याची पत्र्याची भणभण होते. आता तारा सुट्या झाल्या होत्या. तबल्याचा 'ना' आला. चाटीवरचा, म्हणजे काठावरचा, तो कडक बोल होता तसाच कडक होता, फक्त वाजला आणि संपला. मागचं 'ट्रिंऽऽ' गेलं होतं. "हं," काका म्हणाले. "पण या गाद्या इथं राहणार नाहीत," काकू आतून म्हणाल्या.

यानंतर खूप लोक एक चूक करतात: गादीनं गुण आला म्हणून खोली कापडानं मढवतात. पातळ कापड, साधा पडदा, भिंतीला चिकटवलेला अर्ध्या इंचाचा फोम, हे सगळे फक्त वरचे सूर खातात. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी ११ फूट आहे. तिला गालिचा कळतही नाही. त्यात आपली घरं विटांची आणि काँक्रीटची. पाश्चात्त्य पुस्तकांतले सल्ले लाकडी चौकटीवर पातळ तक्ते ठोकलेल्या घरांसाठी असतात. तिथली भिंत थोडी हलते आणि थोडा बेस तिच्यातून बाहेर जातो. आपली भिंत हलत नाही. म्हणून आपल्या खोलीत ट्रेबल मारून टाकला की मागे घुम्म बेस राहतो आणि ऐकणारा म्हणतो, "आता गोणपाट टाकल्यासारखं वाजते." जाडी हवी, आणि भिंतीपासून थोडं अंतर हवं. २ इंचांचं पॅनेल भिंतीला चिकटून असेल तर साधारण १७०० हर्ट्झच्या वर नीट काम करतं. तेच भिंतीपासून २ इंच पुढे टांगलं तर ८५० पासून. पैसा न वाढवता एक सप्तक जास्त. पॅनेलमध्ये रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरा, नाहीतर कापूस. पण वरचं कापड असं हवं की तोंड लावून फुंकलं तर श्वास पलीकडे जावा. श्वास गेला तर आवाज जाईल. रेक्झिन या परीक्षेत नापास, म्हणून काकांचा सोफा इतका जाडजूड असूनही फारसा कामाचा नाही. त्यावर सुती चादर टाकली तरी थोडा फरक पडला. थर्माकोलचे तक्ते आणि अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला अजून फिरत असतो. थर्माकोलच्या दाण्यांत हवा बंद असते, आवाज आत शिरत नाही. ट्रे इतके पातळ असतात की ते जवळजवळ काही शोषत नाहीत. आणि कापूस वापरत असाल तर तो प्लगपासून आणि दिव्यापासून लांब ठेवा, तो क्षणात पेटतो.

स्पीकरचा कोन बदलायला तर काहीच लागत नाही. ट्वीटर टॉर्चसारखा पुढे मारतो. त्याच्या अगदी समोर बसलं की सगळ्यात तेज, बाजूला सरकलं की मवाळ. काकांचे दोन्ही स्पीकर थेट त्यांच्या नाकावर रोखलेले होते. ते जरा बाहेर वळवले, इतके की त्यांच्या सरळ रेषा काकांच्या खांद्यांच्या बाहेरून जातील. 'स' ची रेघ निम्मी झाली.

एवढं करूनही काही उरलं तर मग बटणं. ट्रेबलचं बटण वापरणं म्हणजे पाप, असं मानणारा एक पंथ आहे. मी त्यात नाही. १९५२ मध्ये पीटर बॅक्सँडल या ब्रिटिश इंजिनिअरनं टोन कंट्रोलचं जे सर्किट छापलं त्याच्या आवृत्त्या जगभरच्या अ‍ॅम्प्लिफायरांत बसल्या, त्या काही उगाच नाही. पण ते बटण कुठे काम करतं हे माहीत हवं. त्याचा जोर दहा हजारांकडे सगळ्यात जास्त आणि तीन हजारांकडे थोडासाच. म्हणून ज्याचं दुखणं 'श' मध्ये आहे तो ट्रेबल उतरवत जातो, झांज मरते, आवाज मळका होतो, आणि टोचणं तसंच राहतं. अशा वेळी फोनमधला किंवा स्ट्रीमरमधला इक्वलायझर, म्हणजे सुरांचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करायची सोय, बरा. ३ हजारांच्या आसपास, रुंद पट्ट्यात, दोन-अडीच डेसिबल खाली. त्याहून जास्त लागत असेल तर पुन्हा भिंतीकडे बघा.

ज्यांना आकड्यांत बघायचं आहे त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, एक मोजणीचा माइक लागतो. मात्र आलेख आडव्या पट्टीसारखा सपाट करायच्या नादी लागू नका. चांगला स्पीकर सरळ रेषेत समोर मोजला तर सपाट असतो, पण खोलीत बसल्या जागी त्याचा आलेख डावीकडून उजवीकडे हळूहळू उतरतो, आणि कानाला तेच बरोबर वाटतं. सोफ्यावर वीस हजारांपर्यंत सपाट केलेली सिस्टीम हमखास टोचते. मी हे केलेलं आहे. दोन दिवस कौतुक वाटलं, तिसऱ्या दिवशी बंद करून झोपलो.

स्पीकरच्या मागे चार स्क्रू असतील, वर ट्वीटरची जोडी आणि खाली वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या भागाची, मध्ये पितळी पट्ट्या, तर आणखी एक स्वस्तातली युक्ती आहे. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वायर खालच्या जोडीला ठेवायची, लाल बाजूची पट्टी काढायची आणि तिच्या जागी १ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावायचा. ८ ओहमच्या ट्वीटरला यानं साधारण एक डेसिबल उतार मिळतो, २ ओहमनं दोन. आवडलं नाही तर पट्टी परत.

रेकॉर्डिंगच वाईट असेल तर मात्र कोणतीच गादी उपयोगाची नाही. सगळं काही सतत मोठ्यात मोठ्या आवाजात राहावं म्हणून दाबून-दाबून भरलेली नवी गाणी असतात, जुन्या ध्वनिफितींवरून काढताना ट्रेबल चढवून 'सुधारलेली' असतात. पाच गाण्यांत एखादंच टोचत असेल तर सिस्टीमला हात लावू नका.

आणि आपला नागपुरी मुद्दा राहिलाच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीपासूनच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांत, दुपारी खिडकीतला कूलर घरघरत असतो. त्या घरघरीत गाण्यातले हळू भाग बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो. दहा डेसिबल वाढवला तर कानाला साधारण दुप्पट वाटतं, पण अ‍ॅम्प्लिफायरला दहापट ताकद लागते. ३ वॅटवर आरामात असलेला गडी ३० वर हाफायला लागतो. त्याच वेळी सगळ्या इमारतीचे एसी-कूलर सुरू, व्होल्टेज २३० वरून २०० ला उतरलेलं, आणि जुन्या धाटणीचा जड ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याची ताकद तिथेच चौथाईनं घटलेली. कूलरशी भांडून गाणं ऐकू नये. रात्री अकरानंतर ऐकावं, किंवा पहाटे. उन्हाळ्याचा एक फायदा मात्र आहे: उन्हाच्या धाकानं जाड पडदे ओढलेले असतात, म्हणून आपल्याकडे बऱ्याच सिस्टीम मे महिन्यात गोड वाजतात आणि दिवाळीच्या साफसफाईत पडदे-गालिचे उतरले की बिघडतात. त्या आठवड्यात नवीन काही विकत घेऊ नये.

काकांकडे पडदा आला. गालिचाही आला. गाद्यांचं काकूंनी असं केलं की जुनी गादी उसवून, त्याच कापसाची दोन बाय चारची चार पॅनेलं गादीवाल्याकडून भरून घेतली, वर खादीचं बदामी कापड. भिंतीपासून दोन इंच पुढे टांगलेली, आणि पाहुण्यांना ती सजावट वाटते. पावसाळ्यानंतर एकदा गच्चीत ऊन दाखवायचं, एवढीच त्यांची देखभाल. जुना अ‍ॅम्प्लिफायर परत जोडला आहे. नव्यात आणि त्यात काकांना फरक ऐकू येत नाही, हे त्यांनी एकदाच, आणि हळू आवाजात, कबूल केलं. जाड केबल अजून तिथेच आहे. तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही.

भाद्रपदात पुन्हा फोन. रात्रीची तीच वेळ. "अरे, सगळं चांगलं चाललं होतं, आज अचानक टोचून राहिलं. ट्वीटर गेला का काय?"

"काका, महालक्ष्म्या बसल्या का तुमच्याकडे?"

"हो, आजच बसवल्या. काऊन?"

"कुठे?"

"हॉलमध्ये." थोडं थांबून, "पडदा धुवायला गेला आहे. आणि तिनं ती पॅनेलं काढून ठेवली, दिवे लागतात म्हणून."

"बरोबर केलं काकूंनी."

"हं," काका म्हणाले. "म्हणजे तीन दिवस आरतीच ऐकायची."

"टाळ जरा हळू वाजवा," मी म्हणालो.